गोणीच्या तळाचा कांदा

चर्चमधली उपासना संपून मंडळी पटांगणात आली तेव्हा लिलावाचं बाक मांडून तयार होतं. हंगामाच्या सणाला वेदीपुढे जे जे येतं ते सगळं त्यावर होतं. लाल भोपळे, पपया, उसाची मोळी, अंड्यांचे दोन ट्रे, पाय बांधलेली गावठी कोंबडी, लिंबाच्या लोणच्याची बरणी, आणि बाकाच्या पायाशी कांद्याची एक गोणी. गोणी बारदानाची. तोंड मोकळं, आणि तोंडाशी उन्हाळ कांदा असा की एकेक मुठीत मावू नये. वरचा पापुद्रा कडकडीत, रंग विटकरी गुलाबी. कांदा साठवायच्या चाळीतला जुना माल नोव्हेंबरात इतका टिकलेला दिसणं ही कौतुकाचीच गोष्ट, आणि तसं कौतुक झालंही. मग कोणीतरी म्हणालं, पन्नास किलो एकट्याने कोण उचलणार, पाच-पाच किलोचे वाटे करा, बोली चढेल. सूचना शहाणपणाची होती. ताडपत्री अंथरली, दोघांनी गोणीचे कान धरून ती उपडी केली. आधी मोठा माल घरंगळत गेला. मागून गोल्टी, म्हणजे बारका कांदा, आली. मग जोडकांदे, दांडा आलेले डेंगळे, आणि सगळ्यात शेवटी तळाचा काळपट, पाणी सुटलेला लगदा बारदानापासून सुटून ढिगाच्या माथ्यावर येऊन बसला. वास आला. घटकाभर कोणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "वांधा निघाला की हो!" आणि सगळे हसले.

ते हसणंच मनात रुतून बसलं.

वांधा हा शब्द नाशिक जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, कुठल्याही बाजार आवारात सकाळी ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीने लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, कोणी वरचे दोन कांदे उचलून अंगठ्याने मान दाबून बघतो, आणि मिनिटाच्या आत भाव पुकारून चिठ्ठी हातात पडते. तो भाव वरच्या थराचा. मग ट्रॉली भुईकाट्यावर जाते, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, आणि माल खाली होताना पोटातून वेगळाच कांदा निघाला की व्यापारी हात वर करतो. तो वांधा. कधी तो खरा असतो, कारण भरताना चांगला माल शेवटी ओतायचा ही जुनी हातचलाखी आहे. कधी खोटा असतो, कारण सकाळी चढ्या भावाने घेतलेला माल दुपारी महाग वाटायला लागतो आणि क्विंटलमागे काहीतरी कापायला निमित्त हवं असतं. दोन्ही बाजू एकमेकींना पुरत्या ओळखून आहेत. म्हणूनच बाजार समित्यांत वांधे मिटवायची सोय केलेली असते, आणि म्हणूनच पटांगणातले लोक इतक्या सहज हसले. त्यांना ते चित्र घरचं होतं. बाजारात निदान गोणी उपडी करणारं कोणी असतं. वेदीपुढे गोणी ठेवली जाते, तिच्यावर प्रार्थना होते, आणि पोटात काय आहे ते सहसा कोणी बघत नाही.

पण त्या गोणीवाल्याला लगेच लबाड ठरवायलाही मन धजत नाही. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. तो शेतात पातीसकट सुकवावा लागतो, एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर येईल असा, म्हणजे ऊन पात खातं आणि कांदा वाचतो. मग मान इंचभर ठेवून कापायची. मजूर घाईत असला की मान कांद्यालगत उडते, आणि त्या उघड्या जखमेतून सड आत शिरते. बाहेरून काही कळत नाही. चाळीत ढीग चार-पाच फुटांच्या वर गेला तर खालचा माल दबतो, उबतो. पाच-सहा महिन्यांत चांगल्या चाळीतलाही तिसरा हिस्सा घट आणि सड यांत जातो, हे कांदा करणारा गृहीतच धरून असतो. शिवाय गोणी सालदाराने भरली असेल. ओल्या फरशीवर आठवडाभर उभी राहिली असेल. तळाच्या लगद्याचा असा खुलासा देता येतो. मोठ्याखाली गोल्टी पद्धतशीर कशी गेली, याचा मात्र देता येत नाही. गोल्टी चाळीत तयार होत नाही, ती निवडून बाजूला काढलेली असते आणि मग कोणीतरी ती परत भरतं.

बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकात नेमका हाच प्रसंग आहे, कांद्याऐवजी जनावरांचा. लोक वेदीसाठी आंधळं, लंगडं, आजारी जनावर आणतात, आणि संदेष्टा त्यांना विचारतो की हेच तुमच्या अधिकाऱ्याला नेऊन द्या बरं, तो घेईल का. प्रश्नाला खास मराठी धार आहे. तलाठ्याकडे, साहेबाकडे, मुलीच्या सासरी पाठवायची पेटी आपण कशी भरतो ते आठवावं. द्राक्षाची पेटी सासरी जायची असेल तर घडातला एकेक बारका मणी कात्रीने काढला जातो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी शाप आहे तो गरिबाला नाही. कळपात धडका नर असताना, त्याचा नवस बोलून, पांगळं जनावर आणून बांधणाऱ्याला आहे.

मराठी बायबलात ईयोबाची ओळख करून देताना पहिला शब्द येतो तो सात्त्विक. सात्त्विक आणि सरळ. हा शब्द नाशकात मोठा गमतीचा झाला आहे. पंचवटीत यात्रेकरूंसाठी सात्त्विक थाळीच्या पाट्या दिसतात, आणि त्या थाळीचा अर्थ एवढाच की कांदा-लसूण नाही. ज्या जिल्ह्याचं निम्मं राजकारण कांद्यावर चालतं तिथे सात्त्विक म्हणजे कांद्याविना! पण ईयोबाच्या गोष्टीत मूळ हिब्रू शब्द आहे ताम, आणि त्याचा अर्थ पूर्ण, अखंड, ज्यात फट नाही असा. खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नाही. वरपासून तळापर्यंत एकच माल, असं कांद्याच्या भाषेत म्हणता येईल. आपल्या उपदेशांत सात्त्विक माणूस म्हटलं की मवाळ आवाजाचा, हात जोडलेला, कुणाशी न भांडणारा माणूस उभा राहतो. सगळं गमावून बसलेला ईयोब तर अध्यायच्या अध्याय देवाशी भांडतो. मित्र त्याला विनवतात की पाप कबूल कर आणि मोकळा हो, आणि तो न केलेलं पाप केलं म्हणायला तयार होत नाही. त्याचं सात्त्विकपण त्या नकारातच दिसतं.

बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, पंचविसाव्या अध्यायात, थैलीत दोन वजनं बाळगू नका असा नियम आहे, एक मोठं आणि एक लहान. मूळ शब्द आहेत दगड आणि दगड. त्या काळी वजनं दगडाचीच असत. यहूदात उत्खननात सापडलेल्या शेकेलच्या दगडांवरून एक शेकेल साधारण सव्वाअकरा-साडेअकरा ग्रॅमचा भरतो. मोठा दगड घ्यायच्या वेळी, लहान द्यायच्या वेळी. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून तर ते थैलीत. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातही हेच आहे: खरी तागडी, खरी वजनं, खरी मापं. इथे थोडं आडवळण घेतो. दर १ जानेवारीला मंडळीत निम्मे लोक वर्षात बायबल पूर्ण करायचं ठरवतात. एकूण ११८९ अध्याय, रोज सव्वातीन. या वेगाने गेलं तर लेवीयाचा एकोणिसावा अध्याय फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. आणि बहुतेकांची गाडी नेमकी त्याच्या अलीकडे, महारोग आणि घराच्या भिंतीवरची बुरशी यांच्यापाशी, रुतते. तागडीपर्यंत कोणी पोहोचतच नाही. यावर उपाय साधा आहे, दिवसाला सव्वातीनऐवजी एक अध्याय, आणि चुकलेला दिवस भरून न काढता पुढे जायचं. राहिलेले अध्याय साठले की माणूस पुस्तकच बंद करतो. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेचंही तसंच. एक गीत, दहा-पंधरा ओव्या, एक प्रार्थना, पंधरा मिनिटं. अर्ध्या तासाची आखली की आठवड्यात मोडते. दानीएलाबद्दल लिहिलंय की राजाखेरीज कोणापुढे प्रार्थना करायची नाही असा हुकूम निघाल्याचं कळल्यावर त्याने खिडकी उघडून दिवसातून तीनदा प्रार्थना केली, आणि पुढे जोड आहे, पूर्वी करत असे त्याप्रमाणे. नवं शौर्य काही नाही. वेळापत्रक बदललं नाही एवढंच. त्याच्याही आधी लिहिलंय की त्याच्या वैऱ्यांनी आधी त्याच्या कारभारात खोट शोधली होती, आणि ती मिळाली नाही म्हणून ते प्रार्थनेकडे वळले. दप्तर आणि खिडकी, दोन्हीकडे एकच माणूस.

आता द्राक्षाच्या बागेत या. निर्यातीची बाग ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदणीत नोंदलेली असते, प्लॉटला क्रमांक असतो, आणि काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला तेव्हापासून या कागदांचं वजन सगळ्यांनाच कळलेलं आहे. प्रत्येक औषधाला काढणीपूर्व कालावधी असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडा यांत किती दिवस गेले पाहिजेत ते. फवारणीच्या डायरीत तारीख लिहायची, औषध, प्रमाण, पंपाची संख्या. बिघडतं ते असं की डायरी रोज लिहिली जात नाही, हंगामाच्या शेवटी एका बैठकीत एकाच पेनाने सगळी लिहिली जाते, आणि तारखा मागे सरकवल्या जातात. तरी निर्यातीचा माल निदान प्रयोगशाळा पकडते. लोकल मार्केटला जाणाऱ्या क्रेटला कोणी विचारत नाही. मग भुरीचं औषध तोड्याच्या चार दिवस आधीही मारलं जातं, कारण तो माल रॉटरडॅमला जाणार नसतो, तो पंचवटीतल्या हातगाडीवर जाणार असतो आणि कोणाचं तरी पोर न धुता खाणार असतं. एक दगड युरोपचा, एक दगड नाशिकचा. हे करणाऱ्यांत आपलेही लोक आहेत, आणि रविवारी ते पुढच्या बाकावर बसून खणखणीत गातात. छाटणीच्या टोळ्या पेठ-सुरगाण्याकडून येतात, उक्ता दर एकरावर ठरतो, आणि शनिवारी संध्याकाळी मालक म्हणतो सोमवारी देतो. लेवीयात मजुराची मजुरी रात्रभरही ठेवू नको असं आहे, आणि याकोबाच्या पत्रात ती अडकवलेली मजुरीच ओरडते. त्या शनिवारी न दिलेल्या पैशांतली एखादी नोट रविवारी दानाच्या थैलीत पडत असेल का, हा विचार एकदा आला की जात नाही.

थैलीचंही एक शास्त्र आहे. दानार्पणाचं गीत संपतं, थैल्या वेदीवर जातात, प्रार्थना होते, आणि मग त्या व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, येतात. पुढची वीस मिनिटं रीत पाळली तर कंटाळवाणी आणि न पाळली तर महागाची. मोजायला दोघं, एका घरातले नसलेले. दार उघडं. नोटा मूल्याप्रमाणे वेगळ्या, तोंड एकीकडे, म्हणजे दोन चिकटलेल्या कळतात. एकाने मोजलेली गड्डी दुसऱ्याने मोजायची, आणि आकडा तोंडाने न सांगता आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा, कारण पहिल्याने मोठ्याने चोवीस म्हटलं की दुसऱ्यालाही चोवीसच मिळतात. दशांशाच्या, म्हणजे कमाईच्या दहाव्या भागाच्या, पाकिटावर पाचशे लिहिलेले आणि आत चारशे असतील तर नोंद चारशेची आणि देणाऱ्याला एकांतात कळवायचं. शाई, पेन्सिल नाही. आकडा अक्षरी. दोन सह्या. सोमवारी बँक. खर्च काहीही असो, तो बँकेतून, थैलीतून नाही. बिघडतं ते इथेच. थैलीत ४,८६० निघाले, चहावाल्याचे ३६० तिथल्या तिथे दिले, वहीत ४,५०० लिहिले. कोणी पैसाही खाल्ला नाही आणि वही मात्र खोटी झाली. असं पाच वर्षं चाललं की कोणाच्याच लक्षात राहत नाही की कुठले ३६० चहाचे होते. दुसरं हल्लीचं म्हणजे क्यूआर कोड. तो मंडळीच्या खात्याचा हवा. खजिनदाराच्या मोबाइलचा असला तर तो माणूस देवदूत असला तरी एक दिवस त्याला घाम फुटणार. जमीन-इमारतीचं तर कायद्यानेच बांधलेलं आहे, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी हवी. एवढं असूनही व्हेस्ट्रीत दुसरा माणूस बसवा म्हटलं की पहिला विचारतो, "माझ्यावर विश्वास नाही का?" पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ धाडले आणि कारण स्पष्ट लिहिलं, या मोठ्या रकमेवरून आमच्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून. प्रभूपुढे तर झालंच, माणसांपुढेही. पौलाला स्वतःवर शंका नव्हती. तरी त्याने साक्षीदार घेतला.

नोंद ठेवण्याचा एक जुना धागा आपल्या शरणपूरशी जोडलेला आहे, आणि शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांनाही तो फारसा आठवत नाही. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या इथल्या वसाहतीत वाढली, सुतारकाम-लोहारकाम आणि लिहिणं-वाचणं शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे स्कॉटिश मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनच्या मदतीला धाडलेल्या तांड्याबरोबर आफ्रिकेत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन जंगलातल्या झोपडीत गुडघ्यांवर प्रार्थनेच्या अवस्थेत मेलेला सापडला, तेव्हा बरोबरच्या माणसांनी त्याच्या पेट्या सगळ्यांसमक्ष उघडल्या, आणि लिहिता येणारा जेकब म्हणून त्याला यादी करायला बसवलं. ती यादी टिकून आहे. एका पेटीत सुमारे दीड शिलिंग. दुसरीत टोपी, एक घड्याळ, मोजमापाची उपकरणं. एक होकायंत्र. बघणारा कोणी गोरा साहेब नव्हता, किनारा हजार किलोमीटरहून लांब होता, आणि ते दीड शिलिंग कोणाच्याही कमरेला लागले असते तर जगाला कळलं नसतं. नोंदीवरची तारीख त्याने चुकवली आहे, २८ एप्रिल लिहिलंय, मृत्यू १ मेच्या पहाटेचा धरतात. तारीख चुकली, दीड शिलिंग चुकले नाहीत. माणसांनी ते प्रेत वाळवून, गुंडाळून, महिनोन् महिने चालून किनाऱ्याला नेलं, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या बाजूने चालणाऱ्यांत नाशकात शिकलेला जेकब होता. शरणपूर म्हणजे आसऱ्याचं गाव. त्या आसऱ्यात कोणीतरी त्याला हिशेब लिहायला शिकवला होता, आणि मला त्या अनाम मास्तरबद्दल फार कुतूहल आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा जमीन विकून पैसे आणतात आणि प्रेषितांच्या पायाशी ठेवताना थोडे मागे ठेवतात. ही गोष्ट आपल्याकडे दशांश कमी देणाऱ्यांना घाबरवायला वापरतात, आणि तो तिच्यावर अन्याय आहे. पेत्र जे बोलतो ते नीट वाचावं. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते, असं तो म्हणतो. निम्मे दिले असते तरी चाललं असतं. एक रुपया आणला असता तरी चाललं असतं. चाललं नाही ते काही भाग आणून तो सगळा म्हणून ठेवणं. गोणीबद्दलही हेच खटकत होतं. ज्याच्याकडे गोल्टीच उरली त्याने गोल्टी आणली असती तर कोण बोललं असतं? विधवेने दानात टाकलेल्या दोन टोल्यांचं, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्यांचं, कौतुक प्रभूने केलं, त्यांना चांदीचा मुलामा नव्हता.

अर्धं ते अर्धं म्हणायला मोठं धैर्य लागतं आणि त्याचा एक दाखला नाशिकच्या मातीतलाच आहे. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. बायकोने मागोमाग यावं ही त्या काळची रीत, आणि समाजाने तिला विधवेसारखं वागवावं हीदेखील त्या काळची रीत. लक्ष्मीबाईंनी दोन्हींतलं काही निमूट स्वीकारलं नाही. नवऱ्यावर जीव होता, तरी जे पटलं नव्हतं ते पटलं असं त्या म्हणाल्या नाहीत. शिवाशिवीचा आग्रह एकेक करून गळत गेला, तो कसा गळाला हे त्यांनी पुढे स्वतःला हसत लिहून ठेवलं, आणि बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, स्वतःचा म्हणून. आज साक्ष द्यायला उभे राहणारे लोक पहिल्याच वाक्यात पूर्ण बदलून गेलेले असतात. मधली पाच वर्षं कोणी सांगत नाही.

लिलावातही हीच मेख असते. एक वार, दोन वार, तीन वार, आणि एक भोपळा चारशेला जातो. टाळ्या पडतात. भोपळा घरी जातो, भाजी होऊन संपते, आणि पैसे "पुढच्या रविवारी." नाताळच्या तोंडावर खजिनदार वही उघडतो तेव्हा बोलीची बेरीज आणि जमा यांत मोठं अंतर असतं. उपाय माहीत आहे: अनुक्रमांकाची चिठ्ठी, वस्तू, रक्कम, नाव, आणि पैसे आल्यावरच वस्तू हातात. पण चिठ्ठी मागितली की उत्साह जातो, आणि उत्साह गेला की बोली उतरते, म्हणून कोणी मागत नाही. पंधराव्या स्तोत्रात देवाच्या डोंगरावर कोण राहील याची यादी आहे. तिच्यात गाणारा नाही, उपवास करणारा नाही. स्वतःचं नुकसान झालं तरी बोललेली बोली न फिरवणारा आहे.

त्याच यादीत आणखी एक माणूस आहे, जिभेने चहाडी न करणारा. गोणीचं पुढे काय झालं ते इथे सांगायला हवं. गोणी एकाने भरली होती. दुपारच्या जेवणाच्या पंगतीत ती चाळीस तोंडांतून गेली. संध्याकाळपर्यंत मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ढिगाचा फोटो होता, खाली एक वचन आणि तीन हसरे चेहरे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने पायऱ्या घालून दिल्या आहेत. भावाने चूक केली तर आधी एकटा जा, दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना ने. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. हे प्रत्येक पाळक वर्षातून एकदा शिकवतो. आणि आपण दर वेळी शिडी वरून उतरतो: आधी मंडळी, मग दोघं-तिघं, आणि त्या माणसाकडे कोणीच नाही. रविवारी दारात त्याला "सलाम" म्हणतो, हात हातात घेऊन.

हसणं ओसरल्यावर पटांगणात एक बाई खाली बसल्या होत्या. पंचांपैकी, निवृत्त शिक्षिका, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. पदर खोचून त्यांनी निवड सुरू केली. मोठा एकीकडे, गोल्टी एकीकडे, जोड-डेंगळे तिसरीकडे, सडका बादलीत. शंका आली की मानेशी अंगठा दाबून बघायच्या, मऊ लागला तर बादली. तास गेला. मग बोली पुकारणाऱ्याला म्हणाल्या, "गोल्टी आहे, गोल्टी म्हणूनच पुकारा." त्याने तसं पुकारलं. लोणच्या-भज्यांना चालते म्हणून गोल्टीही गेली, भाव गोल्टीचा आला. खजिनदार हा अंबडच्या कारखान्यात पाळी करणारा मुलगा, त्याने काटा केला आणि वही घेऊन आला. मोठा २९, गोल्टी ११, जोड-डेंगळे ४.

"बाई, सडका पण लिहायचा?"

"आलाय ना तो? मग लिही."

"चार. म्हणजे झाले अठ्ठेचाळीस. पण सकाळी पावती पन्नासची फाडलीय. खोडू का?"

"खोडायचं नाही. खाली नवी ओळ घाल. प्रत्यक्ष अठ्ठेचाळीस, घट दोन. आणि इथे सही कर. मीपण करते."

त्याने लिहिलं. पन्नास तसेच राहिले, खाली अठ्ठेचाळीस आले.

सोमवारी सकाळी बाईंच्या अंगणात तारेवर ती गोणी धुऊन वाळत घातलेली होती. तळाचा डाग पूर्ण निघाला नव्हता. दुपारी घडी करून त्यांनी ती पिशवीत घातली आणि रिक्षा बोलावली. बरोबर येऊ का असं शेजारणीने विचारलं तर नको म्हणाल्या. बारदान परत द्यायचं असतं, एवढंच.